नोंद आढळली नाही

दुकानदाराने कार्ड दुसऱ्यांदा यंत्रात सरकवलं, यंत्र पुन्हा तसंच किरकिरलं, आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बंद आहे." मी म्हटलं, रेंज नसेल. "रेंज भरपूर आहे. कार्ड बंद आहे. दुसरं काही असेल तर द्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे माणसं आहेत." शनिवार पेठेतल्या या दुकानातून मी कित्येक वर्षं माझ्या शिकवणीच्या मुलांसाठी आलेखाच्या वह्या आणि कंपासपेट्या घेते. इतक्या वर्षांत त्याने मला "या" असं कधी म्हटलेलं नाही, ते त्याच्या रक्तातच नाही. पण "बाजूला व्हा" असंही कधी म्हटलं नव्हतं. मी बाजूला झाले. मोबाइलवरून माझ्या खात्यातले पैसे दिले, वह्यांचा गठ्ठा पोटाशी धरला आणि बाहेर आले. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. वह्या मिळाल्या होत्या, पैसे होते, मागच्या रांगेतली माणसं मला विसरलीही असतील. तरी मानेपासून कानापर्यंत सगळं तापलं होतं. बसची वाट बघताना मी पर्समधून कार्ड काढलं आणि उगीच त्याच्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. माझं नाव त्यावर उठावाच्या अक्षरांत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी हे कार्ड घरात आलं त्या रात्री आम्ही सिनेमाला गेलो होतो, आणि अंधारात मी पर्समध्ये हात घालून ते नाव बोटांनी वाचत बसले होते. सिनेमा कुठला होता ते आता आठवत नाही. बोटांना मात्र नाव आठवतं.

घरी अभय बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मनात मी त्याला अभयच म्हणते, तोंडाने 'अहो'. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आता बदलून काय करायचं. "अहो, कार्ड चाललं नाही आज," मी म्हटलं. तो खूश होऊन म्हणाला, "चालणारच नाही. बंद केलं मी ते सोमवारी. यंदापासून वार्षिक फी लावणार म्हणे, हजार रुपये! म्हटलं, गेलात उडत." मी म्हटलं, "आणि माझं?" त्याला प्रश्नच कळला नाही. "तुझं म्हणजे? तुझं त्याच्यावरचंच होतं ना, ॲड-ऑन. मूळ गेलं की फांदी गेली." "मला सांगायचं तरी." "अगं, दोन-चार दिवसांचा प्रश्न. हल्ली बिनफीची कार्डं किती निघालीत! आजन्म मोफत. मी पाच बँकांत अर्ज टाकलेत. सगळी येऊ देत, समोरासमोर ठेवून बघू, उत्तम असेल ते ठेवू, बाकीची परत." 'आजन्म मोफत' हे दोन शब्द उच्चारताना त्याचा चेहरा देवळातून बाहेर पडलेल्या माणसासारखा झाला होता. मला हसू आलं आणि मी पोळ्या लाटायला गेले. पण मान अजून तापलेलीच होती.

अभयचा स्वभाव सांगायचा तर तो कुठलीही वस्तू दहा ठिकाणी विचारल्याशिवाय घेत नाही. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा आम्ही कोथरूडपासून सुरुवात करून कॅम्पापर्यंत गेलो आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणला. साड्यांच्या दुकानात गादीवर ढीग पडला, विक्रेत्याच्या कपाळावर घाम आला, की हा शांतपणे उठतो आणि म्हणतो, "छान आहेत. एक चक्कर मारून येतो." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो म्हणायचा, "चौकशीला पैसे पडत नाहीत, ललिता." हे त्याचं आवडतं वाक्य. आमच्या मुलीच्या, तनयाच्या कॉलेजप्रवेशापासून गुडघ्याच्या डॉक्टरपर्यंत सगळं आयुष्य आम्ही या वाक्यावर काढलं आणि, खरं सांगायचं तर, फसलो कधीच नाही. तेव्हा पाच बँकांना एकदम अर्ज करताना त्याचा हात थरथरायचं कारणच नव्हतं. अर्ज म्हणजे चौकशी. आणि चौकशीला पैसे पडत नाहीत.

पैसे पडले नाहीत, गुण पडले. आठवडाभराने मोबाइलवर एकामागून एक नकार आले. भाषा फार सभ्य होती: 'आमच्या अंतर्गत निकषांनुसार.' निवृत्त माणूस, पगार नाही, पेन्शन नाही, ठेवींच्या व्याजावर घर; त्यात सर्वांत जुनं कार्ड नुकतंच बंद केलेलं आणि एकाच आठवड्यात पाच दारं ठोठावलेली. बँकांना वाटलं असणार, या गृहस्थाला पैशांची फारच निकड दिसते. प्रत्येक बँकेने त्याचा क्रेडिट स्कोअर मागवून पाहिला होता, आणि असं पाहिलं गेल्याची प्रत्येक वेळी नोंद होते, आणि नोंदी साचल्या की स्कोअर उतरतो. हे त्याला आधी माहीत नव्हतं असं नाही. कुठेतरी वाचलेलंही होतं. पण ते वाचणारा अभय आणि मंडईत दहा ठिकाणी भेंडी मोडून बघणारा अभय यांची गाठ पडली नव्हती, एवढंच. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि आजाऱ्याचा ताप सांगावा तसा म्हणाला, "सातशे एक्केचाळीस."

हा आकडा काय आहे हे कळायला आमच्या घरात राहायला हवं. आमचा स्कोअर आठशे बारा होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर, अभय तो मोठ्याने वाचायचा. "आपला आठशे सात." "आपला आठशे बारा. काय म्हणतेस!" आणि मी काय म्हणणार, मलाही आनंद व्हायचा. अगदी मनापासून व्हायचा. कारण त्या आकड्यासाठी मी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या वर खर्च न्यायचा नाही, हा घरातला नियम, महिन्याची वीस तारीख उलटली की अभय म्हणायचा, "आता जरा हात आखडता." मग मी आखडायची. चष्म्याचा नंबर बदलला त्या वर्षी काच पुढच्या बिलात बसावी म्हणून मी महिनाभर डोळे बारीक करून चाचणीचे पेपर तपासले होते आणि दोन मुलांचे वर्गमुळातले गुण चुकून वाढवून टाकले होते. कॉलेजच्या मैत्रिणी हंपीला गेल्या, तेव्हा आगाऊ रक्कम कार्डावर भरायची होती. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. गुडघे तेव्हा दुखत नव्हते. आता दुखतात. यातलं काहीही अभयने माझ्यावर लादलं नाही. तो नुसता म्हणायचा, "बघ हं, आपला स्कोअर आहे," आणि मी बघायची. एखादी गोष्ट न घेता दुकानातून बाहेर पडताना मला छातीत एक घट्ट, समाधानी अशी भावना व्हायची, उपास नीट पार पडल्यावर होते ना, तशी.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. भाताशी चाळा करत बसला. त्याचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "अहो, एवढं काय? आपला स्कोअर परत वर येईल." आणि म्हणता म्हणता त्या 'आपला'पाशी माझी जीभ अडखळली. दुकानातलं ते "बाजूला व्हा" पुन्हा कानात आलं. कार्ड मी बंद केलं नव्हतं. पाच अर्ज मी केले नव्हते. मग माझा स्कोअर का उतरावा? आणि नसेल उतरला, तर तो किती आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी अभय बागेत फिरायला गेला तेव्हा मी पलंगावर मांडी घालून बसले आणि मोबाइलवर तो शोध सुरू केला. आपला आपण स्कोअर पाहिला तर तो उतरत नाही, एवढं मला त्याच्या रविवारच्या पारायणांतून पाठ होतं. तरी हात गार पडले होते. दहावीचा निकाल बघतानाही पडले नव्हते. नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, मोबाइलवर आलेले आकडे. एक चक्र फिरत राहिलं. मी मनात आकडे लावत होते. आठशे बाराच्या आसपास असेल, कदाचित थोडा जास्तच, कारण आखडते हात माझे होते. मग चक्र थांबलं आणि पडद्यावर ओळ आली: आपल्या तपशिलांशी जुळणारी कोणतीही नोंद आढळली नाही. मी पॅन पुन्हा तपासून घातला. पुन्हा तेच. वाईट स्कोअर नव्हता, कमी नव्हता, शून्यही नव्हता. शून्याला निदान संख्यारेषेवर जागा असते, मी मुलांना दरवर्षी ती दाखवते. इथे रेषाच नव्हती.

बाहेर सोसायटीचा वॉचमन कुणाला तरी गाडी नीट लावायला सांगत होता. मी तशीच बसून राहिले आणि मला खडकीचं क्वार्टर आठवलं. माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दोन खोल्या, मागे नळ, पुढे आईने लावलेला कढीपत्ता. मी त्या घरात जन्मले, शिकले, भिंतीवर पेन्सिलीने माझी उंची लिहिली, आणि ते घर आमचं नाही हे मला बाबा निवृत्त होईपर्यंत माहीतच नव्हतं. म्हणजे क्वार्टर म्हणतात हे माहीत होतं. पण क्वार्टर हे घराचंच एक नाव असावं असं मी धरून चालले होते. सोडायच्या दिवशी कारखान्याचा माणूस आला, त्याने नळ मोजले, खिडक्यांच्या काचा मोजल्या, आणि आई पदर खोचून फरशी पुसत होती. मी चिडून म्हटलं, "आता कशाला पुसतेस?" ती म्हणाली, "आपलं नव्हतंच गं ते. पण राहिलो ना." तेव्हा मला तिचा राग आला होता. आता त्या पलंगावर बसून मला पुन्हा तोच राग आला, फक्त तिचा नाही. एकोणीस वर्षं मी कुणाची तरी फरशी पुसत होते. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधलेली पुरवणी असते, तिच्यावर कितीही सुंदर सिद्धता लिहा, गुण मूळ पत्रिकेवरच्या चौकटीत भरतात. इतकी वर्षं मी पेपर तपासले, मला हे कळायला हवं होतं.

आणि लगेच मला लग्नाचा दिवस आठवला, ही मनाची खोडच आहे, एखाद्यावर नीट चिडावं तर त्याची बाजू घेऊन उभं राहतं. ताटात तांदूळ पसरले होते, सासूबाईंनी नाव ठरवून ठेवलं होतं, अभयने अंगठीने ते लिहायचं एवढंच बाकी होतं. त्याने अंगठी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ललिता हे चांगलं नाव आहे. मी तेच लिहिणार." त्या काळात, त्या घरात! सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. त्या एका वाक्यावर मी त्याला काय काय माफ केलं आहे त्याची गणती नाही. माझं नाव त्याने राहू दिलं. ते कुठे लिहायचं राहून गेलं, ते त्यालाही समजलं नाही आणि मलाही नाही.

रात्री जेवताना मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग चांगलंच आहे की! तू कधी कर्जच घेतलं नाहीस, नोंद कुठून असणार?" मी म्हटलं, "एकोणीस वर्षं कार्ड वापरलं मी." "ते माझं कार्ड होतं," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, मीठ वाढ म्हणावं तसं. मग त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे... तांत्रिकदृष्ट्या." मी म्हटलं, "तांत्रिकदृष्ट्या आमटी हवी आहे का अजून?" त्याने वाटी पुढे केली. भांडण आमच्याकडे इतकंच होतं.

पुढचे काही दिवस मी कार्डांची माहिती वाचत होते. मुलांना घातलेली उदाहरणं सोडवायला लावायची आणि आपण हे वाचत बसायचं. बिनफीचं कार्ड म्हणजे भलतं मजेशीर प्रकरण निघालं. कुठे पहिलं वर्षच फुकट, पुढे मुकाट्याने फी. कुठे अमुक एवढा खर्च केला तर फी माफ, म्हणजे फी वाचवायला फीच्या दसपट उधळा. खरोखर आजन्म मोफत अशी थोडी होती, आणि तीही माझ्यासारख्या नोंदच नसलेल्या बाईला कोण देणार? एकच वाट होती: ज्या बँकेत माझी मुदत ठेव आहे, तिथे ती तारण ठेवून तिच्यावर कार्ड घ्यायचं. ठेव शिकवणीच्या फीमधून साठवलेली. अभय तिला 'तुझे खाऊचे पैसे' म्हणतो. अर्ज एकच करायचा, नकार येणार नाही तिथेच करायचा, दर महिन्याला थोडं वापरायचं आणि पूर्ण फेडायचं. सहा महिन्यांत माझ्या नावापुढे आकडा येईल. मी हे अभयला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. "उत्तम! हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुझं कार्ड आलं की त्यावर मला ॲड-ऑन घे. माझा सुधारेपर्यंत. घरातल्या घरात होईल." मी "बघू" म्हटलं. पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याला त्या दिवशी ऐकू आलं नाही.

आणि मग मी खरंच बघत राहिले. भाजी निवडताना, मुलांच्या वर्तुळांच्या आकृत्या तपासताना, रात्री कूस बदलताना. अभय उधळ्या असता तर किती सोपं होतं. त्याने माझ्या नावावर उधारी केली असती, मी कपाळावर हात मारून नाही म्हटलं असतं, सगळ्या जगाने मला शाबासकी दिली असती. पण तो माझ्याहून काटेकोर. तो एक रुपयाही वावगा खर्च करणार नाही. वीस तारखेनंतर स्वतःच्या औषधांची पट्टीसुद्धा पुढे ढकलेल, माझा आकडा सांभाळायला. आणि मला तेच दिसत होतं: हा माणूस केमिस्टच्या दुकानाबाहेर उभा राहून हात आखडता घेतोय, छातीत ते घट्ट समाधान घेऊन घरी येतोय, आणि तिकडे कुठल्यातरी संगणकात माझ्या नावापुढे गुण वाढताहेत. मनात एक कोपरा असा होता की त्याला हे आवडत होतं. होऊ दे, त्यालाही कळू दे. तो कोपरा मला आवडला नाही, पण तो होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बँकेत गेलो. समोर दीपमाला नावाची तरुण अधिकारी होती, बोलण्यावरून अमरावतीकडची. "करून देते न मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे." मी विचारलं, वार्षिक फी? "काहीच नाही." पहिल्या वर्षानंतर? "तेव्हाही नाही." वापर कमी झाला तर? ठेव मुदतीआधी मोडायची झाली तर? कार्ड माझ्या एकटीच्या नावाने नोंदलं जाईल ना? "तुमच्याच नावाने जाईल. मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात का?" अभय अभिमानाने म्हणाला, "गणिताची." मी सगळं पान वाचून मग सही केली. सही करताना हात हलका होता. माझ्या आयुष्यात इतकं हलकं मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

"सरांच्या नावाने ॲड-ऑन द्यायचं का? तेपण मोफत आहे," दीपमालाने विचारलं. ती सगळ्यांनाच विचारत असणार. माझ्या शेजारी प्लॅस्टिक सरकल्याचा आवाज झाला. अभयने खिशातून पारदर्शक पाकीट काढलं होतं. त्यात पॅनची प्रत, आधारची प्रत, दोन फोटो, सगळं सही करून तयार. फोटोत त्याने निवृत्तीच्या समारंभातला कोट घातला होता.

"नको," मी म्हटलं.

"ॲड-ऑनचं विचारतायत त्या," अभय मला समजावत म्हणाला.

"ऐकलं मी. नको."

दीपमालाने पडद्याकडे बघत एक कळ दाबली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. अभयने पाकीट परत खिशात घातलं. ते नीट जाईना, कोपरा बाहेर राहिला. आम्ही तिचे आभार मानले, पायऱ्या उतरलो, स्कूटरपाशी आलो. त्याने हेल्मेट घातलं, काढलं, हातात धरलं. "एवढा विश्वास नाही का गं माझ्यावर?" तो म्हणाला. त्याचा आवाज भांडायचा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

"विश्वासाचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही काटकसर कराल. फार नीट कराल. स्वतःला लागणारी वस्तू पुढच्या महिन्यावर ढकलाल. आणि लोक म्हणतील, ललिता काय जबाबदार बाई आहे. ते मला नको आहे. तुमचं तुमच्या नावावर असू दे, कमी असलं तरी."

रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज विरेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, आणि मी पाहिलं, ते वाक्य हळूहळू त्याच्या आत उलटं फिरत होतं. त्याच्या जागी मी, माझ्या जागी तो, एक एक वर्ष मागे. त्याचा चेहरा उतरत गेला. सातशे एक्केचाळीसच्या दिवशीही तो इतका उतरला नव्हता.

"मला हे कळलंच नव्हतं, ललिता," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि त्याच्या मागे गाडीवर बसले. त्याला खरंच कळलं नव्हतं. मला रडू आलं ते याचंच.